कोळ्यांचे चरित्रकार यूजेन सिमों

केरसुणीच्या एका फटकाऱ्यासरशी ज्याचे घर नाहीसे होते, आणि ज्याच्याविषयी वडील माणसांच्या तोंडून चांगला शब्द सहसा निघत नाही, अशा एका प्राण्याच्या अभ्यासात एका फ्रेंच गृहस्थांनी आपल्या आयुष्याची साठ वर्षे घालविली. त्यांचे नाव यूजेन लुई सिमों. कोळ्यांच्या सुमारे चार हजार जातींचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांच्या एकट्याच्या लेखणीतून उतरले आहे. आज साऱ्या पृथ्वीवरील कोळ्यांच्या ज्ञात जाती पन्नास हजारांहून काहीशा अधिक भरतात; म्हणजे दर तेरा-चौदा जातींत एक जात सिमों ह्यांनी जगाच्या ओळखीची करून दिलेली आहे. ह्या बाबतीत त्यांची बरोबरी करील असा अभ्यासक त्यांच्यापूर्वी झाला नाही व त्यांच्यानंतरही झालेला नाही. प्राणिशास्त्राच्या जगात ज्यांचे नाव इतके सर्वतोमुखी आहे, त्यांची आमच्या विद्यार्थी वाचकांस ओळख असावी, आणि ती विशेषेकरून एका कारणासाठी असावी असे आम्हांस वाटते. ते कारण असे की, आपल्याच माथेरानच्या डोंगरावरील व आपल्याच देशाच्या माळरानांवरील कोळ्यांची शास्त्रीय नावे ह्या परदेशी गृहस्थांनी ठेविलेली आहेत.

सिमों ह्यांचा जन्म इ. स. १८४८ च्या एप्रिल महिन्याच्या ३० तारखेस पॅरिस शहरी झाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राज्यक्रांती होऊन राजा पदच्युत झाला होता. अशा गडबडीच्या काळात जन्मलेल्या मुलाने पुढे राजकारण, सेना किंवा व्यापार ह्यांपैकी एखादी वाट धरिली असती तर कोणासही नवल वाटले नसते. ह्या मुलाने मात्र भिंतींचे कोनेकोपरे व झाडांच्या साली धुंडाळण्याची वाट धरिली. आणि तीही केवळ पोरवयातील हौस म्हणून नव्हे. इ. स. १८६४ मध्ये कोळ्यांच्या नैसर्गिक इतिहासावरील त्यांचा पहिला ग्रंथ पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. त्याची पृष्ठे पाचशेंहून अधिक होती व ग्रंथकर्त्याचे वय सोळा वर्षांचे होते. आमच्या इंग्रजी सहावी-सातवीतील मुलांच्या वयाचा तो मुलगा! त्या पहिल्या ग्रंथात पुष्कळ उणिवा होत्या, आणि पुढे त्याच नावाचा दुसरा ग्रंथ लिहावयास घेतला तेव्हा त्यांनी जुन्याची डागडुजी केली नाही. सर्व इमारत पायापासून नवी उभारली. परंतु त्याविषयी पुढे सांगू.

येथे थोडे विषयांतर करून कोळी गोळा करण्याचे काम कसे असते ते सांगितले पाहिजे. नाहीतर सिमों ह्यांच्या श्रमांची कल्पना येणार नाही. फुलपाखरू किंवा भुंगा पकडला तर तो टाचणीने टोचून, वाळवून पेटीत ठेविता येतो व त्याचे रंग पुष्कळ वर्षे टिकतात. कोळ्याचे तसे नाही. त्याला सहा नव्हे, आठ पाय असतात, पंख नसतात, आणि त्याचे पोट मऊ असल्यामुळे टाचणीस लावून वाळविला असता तो सुकून सुरकुततो व ओळखू येईनासा होतो. म्हणून त्यास काचेच्या लहान नळीत मद्यार्कात बुडवून ठेवावे लागते. मद्यार्कात आकार टिकतो, पण रंग हळूहळू उडून जातो. तेव्हा रंगावरून जात ओळखावी ही सोयही गेली. खरी ओळख पटते ती पूर्ण वाढलेल्या कोळ्याच्या काही सूक्ष्म अवयवांवरून. उदाहरणार्थ, नराच्या तोंडापाशी जे दोन आखूड पायांसारखे अवयव असतात त्यांच्या टोकांच्या गुंतागुंतीच्या ठेवणीवरून. ती ठेवण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. एक कोळी घ्यावा, त्याचे आठ डोळे कोणत्या रांगांत आहेत ते पाहावे, पायांची लांबी मोजावी, पायांवरील काटे मोजावे, मग तो सूक्ष्म अवयव पाहावा, आणि हे सर्व लॅटिन भाषेत लिहून काढावे: हे काम सिमों ह्यांनी हजारो वेळा केले.

इ. स. १८७४ पासून त्यांनी फ्रान्स देशातील कोळ्यांवरील आपली ग्रंथमाला प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पहिला भाग १८७४ मध्ये, दुसरा १८७५ मध्ये व तिसरा १८७६ मध्ये निघाला. ह्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १८७५ मध्ये, त्यांनी टिबेलस हा कोळ्यांचा गण स्थापिला. ह्या गणाचे कोळी आपल्याकडेही गवतात सापडतात. अंग काडीसारखे लांब व गवताच्या वाळल्या पात्याच्या रंगाचे. पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणून पात्यास चिकटून बसला म्हणजे पाते कोठे संपले व कोळी कोठे सुरू झाला हे डोळ्यांस कळत नाही.

हा टिबेलस ज्या कुळातील, त्या कुळास इंग्रजीत खोटे खेकडे-कोळी अशा अर्थाचे नाव आहे, व आम्हीही येथे तेच म्हणू. खरे खेकडे-कोळी कोणते? फुलांत दबा धरून बसणारे, पुढच्या दोन पायांच्या जोड्या मागच्यांपेक्षा बऱ्याच जाड व लांब असलेले, आणि डिवचले असता खेकड्याप्रमाणे आडवे सरकणारे. खोट्यांचे पायही असेच दोन्ही बाजूंस आडवे पसरलेले असतात, म्हणून प्रथमदर्शनी फसगत होते. परंतु त्यांचे सर्व पाय सारखेच सडपातळ असतात. कित्येकांत दुसरी जोडी सर्वांत लांब असते. आणि पायांच्या तळाशी केसांचे दाट झुबके असल्यामुळे गुळगुळीत दगडावर किंवा पानाच्या पाठीवरही त्यांचा पाय घसरत नाही. खरा खेकडा-कोळी आळशी असतो, तर खोटा विलक्षण चपळ. दोघेही शिकारीसाठी जाळे विणीत नाहीत. ह्या खोट्यांपैकी काही गण झाडांवर राहतात, काही गवतात, आणि काही केवळ जमिनीवर. जमिनीवरचे बहुधा लहान, चपटे व माती-वाळूच्या रंगाचे, अंगावर ठिपके किंवा पट्टे असलेले असतात. त्यांतील एका प्रसिद्ध गणास कार्ल लुडविग कॉख ह्या जर्मन पंडितांनी १८३७ मध्ये थॅनॅटस असे नाव दिले. ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ मृत्यू असा आहे. मनुष्यास ज्याच्यापासून काडीचाही अपाय नाही अशा बोटाच्या पेराएवढ्यादेखील न भरणाऱ्या प्राण्यास एवढे भयंकर नाव का दिले असावे, हे कॉखसाहेबच जाणोत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे शिरूरकडील, घोड नदीच्या काठच्या गावांतील आहेत, त्यांस हे वर्णन वाचून पुष्कळ काही आठवेल. इनामगावासारख्या गावच्या शिवारात शाळूची काढणी झाली, रानात नुसती धसकटे राहिली व काळी जमीन भेगाळली, म्हणजे ढेकळांच्या आडून लहान लहान कोळी सुळकन पळताना दिसतात. त्यांतील बहुतेक लांडगा-कोळी असतात. त्यांचे डोळे मोठे असून त्यांची मादी अंड्यांची पांढुरकी पिशवी पाठीमागे बांधल्यासारखी घेऊन धावते. पण एखादा कोळी पळता पळता एकदम थांबतो, पाय आडवे पसरून मातीस चपटून बसतो, आणि ज्या ठिकाणी तो आताच दिसला त्याच ठिकाणी दिसेनासा होतो. तेथे गुडघ्यांवर बसून पाहावे. पायांची दुसरी जोडी लांब दिसली तर तो खोट्या खेकड्यांच्या कुळातील असण्याचा संभव पुष्कळ. पालकांनी अशा वेळी मुलाच्या मळलेल्या गुडघ्यांकडे थोडे दुर्लक्ष करावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.

आता हिंदुस्थानाशी सिमों ह्यांचा संबंध कसा आला ते पाहू. त्या काळी प्रवासास निघालेले फ्रेंच लोक, मग ते भूगर्भशास्त्री असोत, धर्मोपदेशक असोत की लेखक असोत, येताना मद्यार्काच्या बाटलीत कोळी भरून आणीत व ते सिमों ह्यांजकडे पोचते करीत. चापेर नावाचे एक खाणतज्ज्ञ हिऱ्यांच्या शोधात गुंटकलजवळच्या वज्रकरूर येथे आले होते. तो भाग तेव्हा बेल्लारी जिल्ह्यात मोडत असे. हिरे शोधता शोधता त्यांनी कोळीही वेचले. ते तपासून सिमों ह्यांनी १८८५ मध्ये लेख लिहिला, आणि तेथील एका लांडगा-कोळ्यास चापेर ह्यांचे नाव दिले. हिऱ्यांच्या शोधात गेलेल्या मनुष्याचे नाव शास्त्रात एका मातकट कोळ्यामुळे राहावे, ह्यात आम्हांस मोठी मौज वाटते. त्याच लेखाच्या दुसऱ्या भागात मदुरा जिल्ह्यातील रामनाड येथे फाब्र नावाच्या एका धर्मगुरूंनी जमविलेल्या कोळ्यांचे वर्णन आहे. कीटकांची सुरस चरित्रे लिहिणारे जे सुप्रसिद्ध जाँ-आंरी फाब्र, ते हे नव्हेत.

महाराष्ट्राचा संबंध आला तो १८९६ मध्ये. मोरिस मांद्रों हे त्या काळचे एक कादंबरीकार असून कीटकशास्त्राचेही व्यासंगी होते. त्या वर्षी त्यांनी कराची व माथेरान येथे कोळी जमविले. नेरळहून माथेरानास जाणारी छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तेव्हा १८९६ मध्ये ही चढण पायी, घोड्यावर किंवा डोलीत बसून चढावी लागे. माथेरानच्या झाडीतील ते कोळी समुद्र ओलांडून पॅरिसला गेले, आणि पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, त्यांची हकीकत तेथील निसर्गेतिहास संग्रहालयाच्या पत्रिकेत छापून आली. त्या वेळी आपल्याकडे शाळांतून प्राणिशास्त्र शिकविण्याची कल्पनाही फारशी नव्हती. आपल्या डोंगरावरचा प्राणी आपल्या आधी पॅरिसकरांस ठाऊक झाला, ही गोष्ट आम्हांस थोडी बोचते हे सांगितलेच पाहिजे. मांद्रों ह्यांनी पुढे दक्षिण हिंदुस्थानातून नेलेल्या कोळ्यांवरही सिमों ह्यांनी लिहिले व तो लेख १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या हमालांनी, वाटाड्यांनी व गावच्या पोरांनी दगड उलथून हे प्राणी हुडकण्यास हात लाविला असेल, त्यांची नावे अशा लेखांत सहसा येत नाहीत.

दुसऱ्यांनी आणलेल्या बाटल्यांवर संतुष्ट राहून घरी बसणारे सिमों नव्हते. इ. स. १८८७ च्या डिसेंबरपासून १८८८ च्या एप्रिलपर्यंत ते दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात हिंडले. १८९० च्या मार्च-एप्रिलमध्ये ते फिलिपाईन बेटांत होते, १८९२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिंहलद्वीपात, आणि १८९३ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत दक्षिण आफ्रिकेत. प्रत्येक प्रवासानंतर फ्रान्सच्या कीटकशास्त्र-मंडळाच्या वार्षिक ग्रंथांत लेखांची मालिका सुरू होई. त्यांत केवळ कोळीच नसत. भुंगे, माश्या, मुंग्या असे जे जे आणले असेल ते त्या त्या विषयाच्या जाणत्यांकडे वाटून दिले जाई व प्रत्येकाचा लेख स्वतंत्र निघे. गुहांची त्यांस विशेष ओढ होती. जेथे सूर्याचा किरण कधी पोचत नाही तेथील प्राण्यांचे डोळे कसे लहान होत जातात किंवा नाहीसेच होतात, हा तेव्हा नवा विषय होता. दक्षिण आफ्रिकेत गेले असता तेथील ट्रान्सवाल प्रांतातील गुहांच्या प्राण्यांवरही त्यांनी १८९४ मध्ये टिपण लिहिले.

ह्या धावपळीतच त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्य चालू होते. सोळाव्या वर्षी ज्या नावाचा ग्रंथ लिहिला, त्याच नावाच्या नव्या ग्रंथाचा पहिला खंडांश १८९२ मध्ये बाहेर पडला व शेवटचा १९०३ मध्ये. एकंदर आठ अंश, दोन जाड खंड, आणि पृष्ठे दोन हजारांच्या वर! पृथ्वीवरील सर्व ज्ञात कोळ्यांची कुळे, त्यांतील गण, प्रत्येक गण ओळखण्याच्या खुणा, तो कोणत्या देशांत सापडतो, इत्यादी सर्व माहिती ह्यात एका सूत्रात ओविलेली आहे. सिमों ह्यांच्यापूर्वी हे शास्त्र देशोदेशींच्या तुटक लेखांत विखुरलेले होते. स्वीडनचे थोरेल, इंग्लंडातील ब्लॉक्सवर्थ गावचे धर्मगुरू ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज, जर्मनीचे कॉख पितापुत्र असे थोर अभ्यासक होऊन गेले होते खरे. पण साऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या एकत्र मांडून जमाखर्च जुळविला तो सिमों ह्यांनी. आजही कोळ्यांचा अभ्यासक एखाद्या गणाचे मूळ शोधू लागला की पुष्कळदा ह्याच दोन खंडांपाशी येऊन ठेपतो.

ह्याचा अर्थ त्यांचा प्रत्येक निर्णय टिकला असा नव्हे. खोट्या खेकडे-कोळ्यांचेच पाहा. थोरेल ह्यांनी १८७० च्या सुमारासच त्यांचा निराळा गट कल्पिला होता. सिमों ह्यांनी मात्र १८९५ च्या अंशात त्यांस खऱ्या खेकडे-कोळ्यांच्या कुळातच एक पोटकूळ म्हणून बसविले. सिमों ह्यांचे वजनच असे होते की पुढे कित्येक दशके बहुतेकांनी तीच व्यवस्था मान्य केली. नंतर डोळ्यांच्या व इतर अवयवांच्या रचनेचा बारकाईने विचार झाला व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे निराळे कूळ होय असे सर्वमान्य झाले. आज त्यात पाचशेंहून अधिक जाती मोजल्या जातात, आणि खेकडे-कोळ्यांपेक्षा उड्या मारणाऱ्या कोळ्यांशीच त्यांचे नाते अधिक जवळचे असावे, असे अलीकडील संशोधनावरून दिसते. पायांच्या आडवेपणावरून केलेला तर्क येथे फसला. मोठ्या माणसाची चूकही मोठ्या आयुष्याची असते.

दुसरी एक उणीव अधिक जाणवणारी आहे. मोठ्या ग्रंथात लहान आकृत्या पुष्कळ असल्या, तरी त्यांच्या सुट्या लेखांतील नव्या जातींपैकी अनेकांचे चित्रच नाही; केवळ काही ओळींचे लॅटिन वर्णन. चार हजार जाती हातावेगळ्या करणाऱ्यास प्रत्येकीचे चित्र काढण्यास सवड कोठून मिळणार, हे म्हणणे खरे. तथापि त्याची किंमत दुसऱ्यांस द्यावी लागली. चित्र नसल्यामुळे खात्री करून घ्यावयाची तर पॅरिसला जाऊन मूळ नमुना पाहणे प्राप्त. मद्रासच्या, कलकत्त्याच्या किंवा पुण्याच्या अभ्यासकाने काय करावे? आपल्या हातातील कोळी तोच की निराळा, हे कळण्यास त्याच्यापाशी दहा-बारा ओळींखेरीज साधन नसे. आपल्या देशातील कोळ्यांच्या नावांत अजून जो गोंधळ आहे, त्याचे एक कारण हे होय.

तरीही येथील माणसे हात बांधून बसली नाहीत. बिनय कृष्ण टिकादार हे बंगाली शास्त्रज्ञ भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याच्या पुण्याच्या केंद्रात पुष्कळ वर्षे होते. महाराष्ट्र व म्हैसूर ह्या राज्यांतील कोळ्यांवर त्यांनी १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख लिहिला, आणि १९८० मध्ये भारतातील खेकडे-कोळ्यांवरील त्यांचा ग्रंथ सरकारी प्राणिग्रंथमालेत निघाला. सिमों ह्यांनी १८७५ मध्ये स्थापिलेल्या टिबेलस गणात एक नवी भारतीय जात त्यांनी १९६० मध्ये घातली. त्यांच्या ग्रंथांत आकृत्या आहेत व त्या पाहून आपल्या कॉलेजांतील मुलांनी कोळी ओळखावयास शिकून घेतले. टिकादार १९९४ मध्ये निवर्तले. त्यांचे चरित्र स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे आहे.

सिमों ह्यांच्या संग्रहाची व्यवस्था मात्र पाहण्यासारखी होती. प्रत्येक नळीत आकडा घातलेली चिठ्ठी, अनेक नळ्या एका मोठ्या बरणीत, आणि त्या आकड्यांची नोंद वहीत. ह्या चिठ्ठीचे महत्त्व आमच्या वाचकांस इनामगावच्या दाखल्यावरून चटकन समजेल. तेथे घोड नदीच्या उजव्या काठावरील पांढरीच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले, आणि इ. स. पूर्वी १६०० पासून ७०० पर्यंतच्या शेतकरी वस्तीची घरे, धान्याच्या कणग्या व पुरलेली मडकी उजेडात आणली. तेथे निघालेल्या प्रत्येक खापरावर ते कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात मिळाले ते लिहिलेले असे. तेवढी खूण पुसली गेली तर तीन हजार वर्षांपूर्वीचे ते रंगीत खापर म्हणजे मातीचा एक तुकडा राहतो. नळीतील कोळ्याचेही तेच. कोठे सापडला, कोणी पकडला हे लिहिलेले नसेल तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. सिमों ह्यांनी वर्णिलेला एखादा कोळी आज त्या ठिकाणी सापडतो की नाही, जंगल तुटल्यावर नाहीसा झाला की काय, हे विचारता येते ते केवळ त्या चिठ्ठीमुळे.

कोळ्यांच्या जोडीस त्यांचा आणखी एक छंद होता व तो अगदीच निराळा, म्हणजे गुंजारव करणाऱ्या चिमुकल्या हमिंगबर्ड पक्ष्यांचा. हे पक्षी केवळ अमेरिका खंडांत असतात. त्यांची यादी सिमों ह्यांनी १८९७ मध्ये व मोठा ग्रंथ १९२१ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, प्रसिद्ध केला. मळकट रंगाच्या प्राण्यांत आयुष्य घालविणाऱ्यास रत्नांसारख्या झळकणाऱ्या पक्ष्यांचा लोभ सुटावा हे समजण्यासारखे आहे.

नावांच्या कायद्याची एक गोष्ट सांगावयाची राहिली. शास्त्रात एका गणाचे नाव एकदा दिले की तेच नाव दुसऱ्या प्राण्याच्या गणास देता येत नाही. आधी आला तो मालक. प्राण्यांच्या नावांचा हा हिशेब लिनियस ह्यांच्या १८५८ च्या नव्हे, तर १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. त्यास अपवाद केवळ कोळ्यांचा, कारण स्वीडनचे क्लर्क नावाचे एक गृहस्थ, जे स्टॉकहोम शहराच्या कारभारात नोकरीस होते, त्यांनी १७५७ मध्येच आपल्या देशातील कोळ्यांवर सुंदर रंगीत चित्रांचे पुस्तक काढिले होते. वर सांगितलेल्या थॅनॅटस गणातील मूळची जात क्लर्क ह्यांच्या त्याच पुस्तकातील आहे. हा कायदा सिमों ह्यांसही सुटला नाही. दक्षिण आफ्रिकेकडील जमिनीवर राहणाऱ्या लहान खोट्या खेकडे-कोळ्यांसाठी त्यांनी १८९५ मध्ये हिरियस नावाचा गण स्थापिला. पुढे लक्षात आले की ते नाव दुसऱ्या एका प्राण्याच्या गणास आधीच दिलेले आहे. तेव्हा एम्ब्रिक स्ट्रांड ह्या नॉर्वेजियन पंडितांनी १९३२ मध्ये, सिमों वारल्यानंतर आठ वर्षांनी, शेवटी एक अक्षर जोडून ते हिरियुसा असे केले, आणि गणाच्या नावापुढे सिमों ह्यांच्याऐवजी स्ट्रांड ह्यांचे नाव लागले. हे स्ट्रांड अशी नावे हुडकून बदलण्यात मोठे तरबेज होते व त्याबद्दल त्यांची थोडी थट्टाही होत असे. ह्या गणात आज तीन जाती आहेत. त्यांपैकी पहिलीच्या नावापुढे मात्र अजून सिमों व १८९५ असेच छापतात. कंसात, म्हणजे जात त्यांची, पण गण बदलला, अशा अर्थाने.

वार्धक्यात त्यांनी आपल्या पहिल्या कामाकडे, म्हणजे फ्रान्सच्या कोळ्यांकडे, पुन्हा लक्ष वळविले. त्या मालेचा सहावा खंड ते नव्याने लिहू लागले व त्याचा पहिला भाग १९१४ मध्ये, महायुद्ध पेटले त्या वर्षी, निघाला. पुढचे लिहून होत होते, पण छापून व्हावयाचे होते. इ. स. १९२४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १७ तारखेस, शहात्तर वर्षांचे असताना, पॅरिस येथेच त्यांचे देहावसान झाले. लुसियाँ बर्लां व लुई फाज ह्या दोघा शिष्यतुल्य अभ्यासकांनी त्यांची टिपणे हाती घेऊन तो खंड भागाभागांनी १९२६, १९२९ व १९३२ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९३७ मध्ये पुरा केला. १८७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी आरंभिलेले पुस्तक अशा रीतीने त्रेसष्ट वर्षांनी संपले.

त्यांच्या बरण्या पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात जपून ठेविलेल्या आहेत, व देशोदेशींचे अभ्यासक त्या पाहावयास अजून जातात. त्यांनी वर्णिलेल्या भारतीय कोळ्यांत खोट्या खेकड्यांच्या कुळातील एक चपटा कोळी आहे. १८९७ मध्ये सिमों ह्यांनी त्याचे नाव प्सेलोनस प्लानस असे ठेविले; प्लानस म्हणजे सपाट. हा गण भारताबाहेर कोठे आढळलेला नाही, आणि त्यात तेव्हापासून आजपर्यंत दुसऱ्या जातीची भर पडलेली नाही.